गणपतीत भांडण झालं, आता थँक्सगिव्हिंगला जायचं का?

पत्र (बरंच मोठं होतं, कापून देतेय):

"ताई, मी एडिसन, न्यू जर्सीला असते. वय ५२, मूळची सांगलीची, २०१२ पासून इथली सिटिझन. २७ ऑगस्ट २०२५ ला घरी गणपती बसले आणि नेमका त्याच दिवशी भारतावर अमेरिकेचा ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लागू झाला. माझा भाचा अंधेरीला सीप्झमध्ये निर्यातीच्या दागिन्यांच्या युनिटला आहे, त्याचा ओव्हरटाइम बंद झालाय, पुढे काय होणार कुणी सांगत नाही. संध्याकाळी आरतीला दीर-जाऊ आले. ते फ्लेमिंग्टनला असतात, किचन काउंटरटॉपचं दुकान आहे, ग्रॅनाइट भारतातूनच येतो. भावजींनी तीनही वेळा ट्रम्पलाच मत दिलंय. प्रसादाची ताटं वाढत होते तेव्हा ते म्हणाले, देशासाठी थोडं सोसावं लागतं वहिनी. झालं, माझा तोल गेला. कतारचं विमान, क्रिप्टो, युक्रेन, सगळं काढलं. ते म्हणाले बायडनने पोराला माफी दिली तेव्हा कुठे होतात तुम्ही? मग मी मुलांसमोर त्यांना अंधभक्त म्हटलं. ते न जेवता निघून गेले.

१८ ऑक्टोबरला ट्रम्पविरोधी नो किंग्ज मोर्चाला जायचं होतं, मिस्टर म्हणाले धनत्रयोदशी आहे, घरात बस. भाऊबीजेला क्रिप्टोच्या बायनान्स कंपनीवाल्याला ट्रम्पकडून माफी मिळाल्याची बातमी आली आणि मी मावसभावाला ओवाळता ओवाळता फोन बघत होते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही. सासूबाई कऱ्हाडहून फोन करून सांगतात माफी माग. थँक्सगिव्हिंग दरवर्षी भावजींकडे असतं. जाऊ का? माफी मागू का? आणि हा राग ठेवू कुठे?
— अस्वस्थ वहिनी"

अस्वस्थ वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यात प्रत्येक सणाला एक बातमी चिकटलेली आहे. गणपतीला टॅरिफ, धनत्रयोदशीला मोर्चा, भाऊबीजेला माफी. म्हणजे तुमचं पंचांग हल्ली व्हाइट हाऊसमधून निघतंय! हे मी चेष्टेने म्हणत नाहीये, म्हणजे थोडं चेष्टेने म्हणतेय, पण निरांजन हातात धरून बाई फोन बघते तेव्हा गोष्ट जरा पुढे गेलेली असते.

आधी तुमचा राग खरा आहे का ते बघू, कारण सासूबाई, मिस्टर, भावजी या तिघांनीही तुम्हाला हेच सांगितलंय की तू उगाच चिडतेस. उगाच नाही हो. कतारच्या राजघराण्याकडून बोइंग ७४७-८ विमान आलं, किंमत साधारण ४० कोटी डॉलर, मे महिन्यात संरक्षण खात्याने ते ताब्यात घेतलं आणि ट्रम्पने स्वतःच सांगितलं की आपण पायउतार झाल्यावर ते आपल्या प्रेसिडेन्शियल लायब्ररीकडे जाणार. आता तुमच्याच देशाच्या घटनेत पहिल्या कलमात स्पष्ट लिहिलंय की काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, संमतीशिवाय कुठल्याही राजाकडून, राजपुत्राकडून, परक्या सरकारकडून भेट घ्यायची नाही. साध्या सरकारी माणसाला परदेशी पाहुण्याकडून मिळालेली ठरावीक किमतीच्या (२०२५ मध्ये ४८० डॉलर) वरची वस्तू स्वतःकडे ठेवता येत नाही, सरकारजमा करावी लागते. आपल्या मोदींनी २०२३ मध्ये जिल बायडन यांना साडेसात कॅरटचा हिरा दिला, २० हजार डॉलरचा, तोसुद्धा ऑफिशियल वापरासाठी म्हणून व्हाइट हाऊसच्या ईस्ट विंगमध्ये ठेवल्याची नोंद झाली. (आणि २०२५ च्या ऐन दिवाळीत ती ईस्ट विंगच पाडून टाकली, बॉलरूम बांधायला, खासगी देणगीदारांच्या पैशातून, घ्या.) आणि मग विमानानंतर चारेक महिन्यांनी ट्रम्पने सही करून जाहीर केलं की कतारवर हल्ला झाला तर तो अमेरिकेच्या सुरक्षेला धोका समजला जाईल. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण भेट घेऊ नये हा नियम असतोच यासाठी, की असा प्रश्न कुणाच्या मनात येऊच नये. आपल्याकडे टेंडर काढणाऱ्या साहेबाच्या मुलीच्या लग्नात कंत्राटदाराने फ्रिज दिला तर लोक काय बोलतात, तेच हे, फक्त फ्रिजला पंख आहेत.

टॅरिफचंही तसंच. आधी २५ टक्के आणि मग रशियाचं तेल घेता म्हणून वर २५, बरं, रशियाचं तेल चीनही भरपूर घेत होता पण त्या कारणासाठी त्याच्यावर वेगळा दंड नव्हता. शिवाय कर लावायचा अधिकार घटनेने दिलाय काँग्रेसला. ट्रम्पने वापरला १९७७ चा आणीबाणीचा कायदा, ज्यात टॅरिफ हा शब्दच नाही, आणि जो मुळात राष्ट्राध्यक्षांचे हात जरा बांधावेत म्हणून केला होता. आणीबाणी या शब्दाशी आपलं काय नातं आहे ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्या पिढीने दूध पिता पिता ऐकलाय तो.

तेव्हा राग खरा. पण एक मिनिट, भावजींचा मुद्दाही खरा होता आणि तुम्ही त्याला उत्तर दिलं नाहीत, शिवी दिलीत. बायडनने १ डिसेंबर २०२४ ला मुलाला माफी दिली, देणार नाही असं आधी वारंवार सांगून दिली, आणि जाता जाता शेवटच्या दिवशी भावाबहिणींनाही देऊन टाकली. तेव्हा तुम्हाला राग आला होता का? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही म्हणून विचारते. आला नसेल तर भावजी जे म्हणाले त्यातलं निम्मं तुम्हाला गिळावं लागेल, कडू असलं तरी. नीतीचा प्रश्न आपल्या माणसाच्या वेळी फ्रिजमध्ये आणि दुसऱ्याच्या वेळी गॅसवर, असं चालत नाही.

आता जरा माझं ऐका. १९७१ च्या डिसेंबरात मी आठ वर्षांची होते, गिरगावातली चाळ, खिडक्यांना काळे कागद, ब्लॅकआउट. वडील आणि शेजारचे काका रेडिओला कान लावून बसायचे आणि एक दिवस बातमी पसरली की अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात येतंय, एंटरप्राइज नावाची प्रचंड बोट घेऊन. त्या रात्री चाळीत तेव्हाचा अमेरिकन अध्यक्ष निक्सन याला दिलेल्या ज्या शिव्या ऐकल्या त्यातल्या बऱ्याच मला कळल्या नाहीत, आईने कळू दिल्या नाहीत. आमचा सगळ्यांचा राग शंभर टक्के योग्य होता आणि निक्सनपर्यंत त्यातला एक कणही पोचला नाही, पोचणार कसा, तो गिरगावातून कुठे निघालाच नव्हता.

पुढे मोठेपणी वाचलं की त्याच वर्षी, ६ एप्रिलला, ढाक्यातल्या अमेरिकन वकिलातीतून आर्चर ब्लड नावाच्या अधिकाऱ्याने वॉशिंग्टनला तार पाठवली होती, आपलं सरकार इथल्या पाकिस्तानी लष्कराच्या कत्तलीकडे डोळेझाक करतंय असं स्वतःच्या सरकारला तोंडावर सांगणारी, खाली वीस जणांच्या सह्या. पत्ता बरोबर होता, भाषा सभ्य होती, तार पोचली. झालं काय? ब्लडला ढाक्यातून परत बोलावलं. हे मुद्दाम सांगतेय कारण उगाच गोड गोड नाही सांगायचंय मला, योग्य जागी बोलूनही फटका बसू शकतो.

पण दोन वर्षांनी बघा. २० ऑक्टोबर १९७३, शनिवार. वॉटरगेटची, म्हणजे विरोधी पक्षाच्या ऑफिसातल्या घुसखोरीच्या प्रकरणाची, चौकशी करणाऱ्या आर्चिबाल्ड कॉक्सला काढा असं निक्सनने फर्मावलं, अॅटर्नी जनरल रिचर्डसनने नकार देऊन राजीनामा दिला, त्याच्या खालचा रकल्सहाउसही गेला, शेवटी तिसऱ्या माणसाने कॉक्सला काढलं. त्यानंतर लोकांनी आपापल्या खासदाराला, सेनेटरला तारा केल्या, एक-दोन नाही, लाखो, तारेचं ऑफिस तुंबलं. आणि मंगळवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, निक्सनचा वकील कोर्टात सांगत होता की कॉक्सने मागितलेल्या, निक्सनच्या ऑफिसातल्या संभाषणांच्या टेप देतो. पुढच्या ऑगस्टमध्ये निक्सन गेला. या तारा करणारे सगळे काही निक्सनचे दुश्मन नव्हते, वर्षभरापूर्वी पन्नासपैकी ४९ राज्यं जिंकली होती त्याने, म्हणजे त्यातल्या कितीतरी हातांनी त्यालाच मत दिलेलं असणार. तिथेच तर वजन होतं त्या तारांचं. विरोधकाने शिव्या दिल्या तर पुढारी म्हणतो हे रोजचंच, आपल्या मतदाराने तार केली की त्याची झोप उडते.

आणि याच्या बरोबर उलटं जे झालं तेही याच निक्सनच्या काळात. एप्रिल १९७० च्या शेवटी त्याने कंबोडियात सैन्य घुसवल्याचं जाहीर केलं, कॉलेजं पेटली, ४ मेला केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने चार विद्यार्थी गोळ्या घालून मारले. आणि लोकमत कुठे गेलं? एका पाहणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला! चार दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये बांधकाम कामगारांनी निदर्शनं करणाऱ्या पोरांना रस्त्यावर चोपलं, आणि महिनाअखेर त्यांच्या युनियनचे पुढारी व्हाइट हाऊसमध्ये निक्सनला हेल्मेट भेट देत होते. म्हणजे एकाच शहरात राहणारी दोन माणसं एकमेकांवर तुटून पडली आणि ज्याने निर्णय घेतला तो आरामात बघत बसला. ओळखीचं वाटतंय का काही? तुमच्या हॉलमध्ये, आरतीनंतर, प्रसादाची ताटं हातात?

पत्रात तुम्ही एक ओळ लिहिलीय आणि पटकन पुढे गेलायत. काउंटरटॉपचं दुकान आहे, ग्रॅनाइट भारतातूनच येतो. अहो वहिनी! तुमच्या भाच्याचा ओव्हरटाइम गेलाय, पण या माणसाच्या तर प्रत्येक कंटेनरवर टॅरिफ बसलाय, आणि तो भरतो इथला आयात करणारा, भारत सरकार नाही. थोडं सोसावं लागतं असं ते म्हणाले ते तुम्हाला ऐकवायला म्हणाले असं तुम्ही धरून चाललात. मला पत्र वाचताना वाटलं की ते स्वतःचीच समजूत काढत होते. तीनदा मत दिलेल्या माणसाला माझी चूक झाली असं म्हणायला लावायचं असेल तर अंधभक्त म्हणून ते होत नाही, त्याने तो आणखी घट्ट चिकटतो, कारण आता प्रश्न टॅरिफचा राहिला नाही, त्याच्या इज्जतीचा झाला, तोही पोरांसमोर.

म्हणून माफी मागायची का याचं उत्तर, हो, पण एका शब्दाची. मताची नाही. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी नाही, त्याच्या आधी, फोनवर, मिस्टरांना मध्ये न घालता, आणि व्हॉट्सअॅपवर फुलांचा फोटो टाकून तर अजिबात नाही. सरळ म्हणा, भावजी, मुलांसमोर तुम्हाला तो शब्द वापरला ते चुकलं माझं. टॅरिफबद्दल माझं मत तेच आहे. आणि थांबा. गप्प बसा. त्यानंतर एक प्रश्न विचारा, दुकान कसं चाललंय? तो प्रश्न गेल्या दोन महिन्यांत घरातल्या कुणी त्यांना विचारलाय का याची मला शंका आहे, सगळे त्यांच्या मतावर भांडतायत, दुकानाचं कुणाला पडलंय.

आता यातली गंमत. तुम्ही एडिसनला, तुमचा काँग्रेसमन फ्रँक पॅलोन, सेनेटर कोरी बुकर आणि अँडी किम, तिघंही डेमोक्रॅट, तिघंही आधीच तुमच्या बाजूचे, बुकर तर एप्रिलच्या तोंडाशी सेनेटमध्ये पंचवीस तास उभा राहून बोलला. तुम्ही फोन केलात तर ते म्हणतील थँक्यू, आम्हीही चिडलोय. करा फोन, करू नका असं नाही म्हणत. पण भावजी फ्लेमिंग्टनला राहतात, हंटरडन काउंटी, तिथला काँग्रेसमन आहे टॉम कीन ज्युनियर, रिपब्लिकन, आणि त्याची जागा अशी आहे की निवडणुकीला त्याला घाम फुटतो. म्हणजे अख्ख्या कुटुंबात ज्याच्या फोनला वजन आहे असा एकच माणूस आहे, आणि त्यालाच तुम्ही उपाशी घालवलंत.

तो फोन भावजी करतील का? लगेच नाही, कदाचित कधीच नाही. आणि तुम्ही थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर नंबर लिहून द्यायला गेलात तर माझं नाव सांगू नका. पण दुकानाबद्दल बोलता बोलता ते स्वतः म्हणाले की वैताग आहे, तर एवढं सांगता येईल की भावजी, हे तुम्ही मला सांगून उपयोग नाही, तुमच्या काँग्रेसमनच्या ऑफिसला सांगा, तुम्ही त्यांचे मतदार आहात. लोकल ऑफिसला फोन करायचा, नाव, झिप कोड, एक मिनिटात एकच मुद्दा. मी तुमच्या पक्षाला मत देतो, माझं दुकान आहे, टॅरिफचा निर्णय काँग्रेसने घ्यावा. संपलं. त्यात ट्रम्पला शिवी द्यावी लागत नाही, पक्ष सोडावा लागत नाही.

आणि काँग्रेसला हे टोचावं लागतंय, कारण हाऊसवाल्यांनी, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, मार्च २०२५ मध्ये काय केलं ऐका, कॅनडा-मेक्सिकोच्या टॅरिफवर ठरावीक दिवसांत मतदान घ्यावं लागू नये म्हणून नियमच असा केला की अधिवेशनाचे उरलेले दिवस त्या कामापुरते दिवस म्हणून मोजायचेच नाहीत. कॅलेंडर थांबवलं हो! आपल्याकडे विधानसभेच्या घड्याळाचे काटे मागे करतात असं ऐकलं होतं, यांनी तारखाच गिळल्या. पण सेनेटने ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ब्राझीलच्या टॅरिफविरुद्ध ठराव ५२ विरुद्ध ४८ ने पास केला, पाच रिपब्लिकन फुटले. हाऊसमध्ये तो पुढे जाणं अवघड होतं, तरी पाच जण फुटले म्हणजे कुठेतरी त्यांच्या गावातले फोन वाजत असणार.

विमानाचं कोर्टात काही होईल या आशेवर राहू नका. पहिल्या टर्ममध्ये घटनेतल्या याच कलमाखाली, परक्या सरकारांकडून ट्रम्पच्या हॉटेलांना मिळणाऱ्या पैशांवरून खटले झाले होते, ते लटकत राहिले आणि टर्म संपल्यावर जानेवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने आता मुद्दाच उरला नाही म्हणून निकालात काढले. टॅरिफचं वेगळं आहे. ती केस लढले त्यात न्यूयॉर्कचा एक वाइन आयात करणारा होता आणि त्याच्यासारखेच आणखी चार छोटे धंदेवाले. तुमच्या भांडणानंतर दोनच दिवसांनी, २९ ऑगस्टला, अपील कोर्टात सात विरुद्ध चारने ते जिंकले, आणि ५ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली. भावजींसारखीच माणसं आहेत ती. हे त्यांना सांगायला हरकत नाही, पण दुसऱ्या चहाच्या वेळी, पहिल्या नाही.

मोर्चाचं. पुढच्या वेळी जा. धनत्रयोदशीचे दिवे संध्याकाळी लागतात, मोर्चा दिवसा होता, मिस्टरांचं गणित मला कळलं नाही. सत्तर लाखांच्या आसपास लोक देशभर उतरले असं आयोजक म्हणतात, त्यात तुम्ही एक असता तर रात्री झोप लागली असती असं मला वाटतं, कारण चार माणसांत उभं राहिलं की हे फक्त माझ्याच डोक्यात चाललंय का हा प्रश्न सुटतो. तुम्ही सिटिझन आहात, तुम्हाला तो हक्क आहे, दणकून वापरा. पण पत्राच्या कापलेल्या भागात तुम्ही म्हणता जाऊबाईंचा भाचा एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, शिकायला आलाय आणि तुम्ही त्याला पोस्ट शेअर कर म्हणून मागे लागता. ते आजच थांबवा. २०२५ मध्ये विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झालेत, ग्रीन कार्डवाल्यालाही अटक झालीय, त्याच वर्षीच्या जूनपासून स्टुडंट व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडिया उघडं ठेवायला सांगतात. तुमच्या रागाचं बिल त्या पोराच्या नावावर फाडू नका. त्याच्या आईबापांनी कर्ज काढलेलं असतं.

आणि निवडणूक आली की मत द्याच, हे काय सांगायचं.

रात्री दोनपर्यंत फोन, त्याबद्दल मी फार बोलत नाही कारण मीही तीच आहे, माझी मुलगी मला ओरडते. एकच केलं मी, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते, बेडरूममध्ये नाही, आणि बातमी सकाळी चहाबरोबर एकदा वाचते. रात्री दोनला तुम्हाला कळलं काय आणि सकाळी सातला कळलं काय, ट्रम्पने सही केलेली असतेच. सणाच्या दिवशी मात्र फोन देवघरापासून लांब ठेवा.

थँक्सगिव्हिंगला जा. रिकाम्या हाताने जाऊ नका. गणपतीच्या दिवशी भावजी मोदक न खाता गेले ना, मग उकडीचे करून न्या, बारा-पंधरा पुरेत, टर्कीशेजारी कसे दिसतील ते दिसोत. उकड काढायचा कंटाळा आला तर पटेल या भारतीय किराणा दुकानातले फ्रोझन चालतील, फक्त डबा बदला, जाऊबाईंना कळतं.